धावेचा डोंगर आणि तुटक दुबार रेषा: ओरेगॉनच्या जुन्या नकाशांचा अनुभव

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका डोंगराचं नाव वॅगनटायर आहे. वॅगन म्हणजे बैलांनी ओढायची गाडी, आणि टायर म्हणजे रबराचा नव्हे, लाकडी चाकावर तापवून चढवलेला लोखंडी पट्टा. आपण त्याला धाव म्हणतो. कोणाच्या तरी गाडीची धाव त्या डोंगराच्या उतारावर पडून राहिली होती आणि त्यावरून हे नाव पडलं, असं तिकडे सांगतात. माझा पुतण्या बॉइसी शहरात नोकरीला आहे. सुट्टीत त्या बाजूने जाताना त्याने पाटीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, इथलं माळरान बघून आपल्या पाटोद्याचीच आठवण आली." पाटोदा म्हणजे बीड जिल्ह्यातला आमचा तालुका.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षं काम करून निवृत्त झालो. कोणी जागेचं नाव काढलं की माझा हात आधी नकाशाकडे जातो. वॅगनटायर शोधता शोधता यूएसजीएस या तिकडच्या सरकारी खात्याच्या टोपोव्ह्यू या जुन्या नकाशांच्या ऑनलाइन सेवेपर्यंत पोहोचलो. चार महिने झाले, बीडच्या घरात पुढच्या खोलीत जमिनीवर ओरेगॉन अंथरलेलं आहे. ज्यांना नकाशाची ओढ आहे त्यांना ही सेवा कशी आहे ते नीट कळावं, म्हणून हे लिहितोय.

यूएसजीएस म्हणजे तिकडचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, स्थापना १८७९ची. पाच वर्षांनी, १८८४मध्ये, संपूर्ण देशाचा उंचसखलपणासह नकाशा तयार करायला त्यांनी हात घातला. तेव्हापासून २००६पर्यंत छापलेल्या स्थलदर्शक शीटा त्यांनी एकेक करून स्कॅन केल्या आहेत. एकूण १,७८,०००हून जास्त. सगळ्या फुकट. नाव नोंदवा, अर्ज करा, चलन भरा, काही नाही. वापरावर हक्कांची आडकाठीही नाही, छापा, वाटा, शाळेत लावा. जागेचं नाव टाकलं की त्या जागेवरून गेलेल्या सगळ्या शीटा वर्षाप्रमाणे समोर येतात. जेपीजी, केएमझेड, जिओपीडीएफ, जिओटिफ अशा चार प्रकारांत उतरवून घेता येतात. नुसतं बघायचं असेल तर जेपीजी पुरते. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत घालून आजच्या उपग्रहचित्रावर ठेवायची असेल तर जिओटिफच घ्या. मोबाइलवर हे काम करू नका, बोटाने नकाशा सरकतो आणि नेमकी हवी ती शीट निसटते. संगणक आणि माउस हवाच.

मला या सेवेत सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे जुनी आवृत्ती त्यांनी फेकली नाही. नवी शीट आली म्हणून आधीची बाद, असं इथे होत नाही. एकाच जागेची जुनी, मधली, नवी, तिन्ही शेजारी शेजारी लावता येतात. याचं महत्त्व मोजणीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. रस्ता मोडला की नव्या नकाशावरून तो जातो, आणि मग तो कधी होता हे सिद्ध करायला जुनाच कागद लागतो.

आता छपाईबद्दल, कारण तिथे माझे दोन दिवस आणि पैसे गेले. पडद्यावर नकाशा वाचणं मला जमत नाही. शीट अंथरून, गुडघ्यावर बसून वाचायची सवय. म्हणून पेनड्राइव्हवर पाच शीटा घेऊन एका प्लॉटरवाल्याकडे गेलो. त्याने ए-टू कागदावर छापून दिल्या, छपाई सुरेख, रंग नेमके. घरी येऊन सवयीने आधी खालची मैलाची पट्टी मोजली. प्रमाण १:६२,५००, म्हणजे एक मैल पावणेसव्वीस मिलिमीटर यायला हवा. आला साडेचोवीस. दुकानदाराने कागदात बसवण्यासाठी शीट आपोआप लहान होऊ दिली होती. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण शीटच्या वरपासून खालपर्यंत सतरा मैल असतात, तिथे हिशोब पाऊण मैलापेक्षा जास्त चुकतो. पाण्याची जागा पाऊण मैल चुकली तर त्या मुलखात काय होईल? पुन्हा गेलो, ए-वन कागद घ्यायला लावला, शंभर टक्के मापावर छापायला सांगितलं आणि काउंटरवरच पट्टी लावून बघितली. तुम्हीही दुकानातून पाय काढण्याआधी मैलाची पट्टी मोजा. ए-वनच्या एका शीटला मला १२० रुपये पडले. लॅमिनेशन केलं नाही, चकाकी आली की बारीक रेषा दिसत नाहीत.

रंगांची भाषा सोपी आहे. माणसाने केलेलं ते काळं, पाण्याचं निळं, कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा तपकिरी, झाडी हिरवी, मोठे रस्ते लाल. पुढे विमानातून घेतलेल्या फोटोंवरून ज्या दुरुस्त्या केल्या त्या जांभळ्या, त्यामुळे नवं काय घातलं ते लांबूनच कळतं. आपल्याकडेही दुरुस्ती अशी वेगळ्या रंगात असती तर किती भांडणं तहसीलच्या पायरीवरच मिटली असती!

आणि मग ती रेषा. तुटक तुटक, दोन समांतर. कच्च्या गाडीरस्त्याची. एकेरी तुटक असेल तर पायवाट. मी चष्मा काढून पुन्हा घातला. आपल्या गावनकाशावर अगदी हेच आहे. गाडीमार्ग दुबार तुटक रेषेने, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे मी इतक्या पंचनाम्यांत लिहिलेत की झोपेतही सांगेन. आता गंमत बघा. आपली शंकू साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे एक गुंठा. तिकडच्या सर्वेक्षकांची गंटर साखळी सहासष्ट फुटांची, म्हणजे बरोबर आपल्या दोन साखळ्या, आणि ऐंशी साखळ्यांचा मैल. साडेसोळा फूट म्हणजे आपली अर्धी साखळी आणि त्यांची पाव. हे एकाच मापाचं घराणं. माझ्या आधीच्या पिढीने ज्या साखळीने पाटोद्याची शिवारं मोजली तिची मोठी बहीण ओरेगॉनच्या माळावर ओढली गेली. हे कळल्यावर त्या शीटा मला परक्या राहिल्या नाहीत.

जमीनही परकी नाही. स्टीन्स पर्वत आणि त्याच्या आजूबाजूचा हा मुलूख लाव्हाच्या थरांचा आहे. त्यांचा बेसॉल्ट सुमारे १.६ ते १.७ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला दख्खनचा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. वय वेगळं, पण दगड तोच काळा. म्हणून कंटूरही ओळखीचे: माथा सपाट, तिथे रेषा विरळ, मग एकदम कड्याला सगळ्या रेषा चिकटलेल्या, पुन्हा विरळ, पुन्हा चिकटलेल्या. बालाघाटाच्या कडेला मी हेच बघत आलो. उंची मात्र त्यांची जास्त. त्यांचं माळरानच साधारण १,२०० मीटरवर आहे आणि स्टीन्सचा माथा २,९६७ मीटर. पश्चिमेला कॅस्केड पर्वतरांग ढग अडवते आणि तिच्या पूर्वेला पर्जन्यछाया. आपल्याला हे शाळेत शिकवावं लागत नाही, सह्याद्रीने पाऊस ओढून घेतला की आपल्या वाट्याला काय उरतं ते आपण जगतो. पण आमच्या अवर्षणप्रवण तालुक्यातही बऱ्या वर्षी सहाशे मिलिमीटर पडतो. तिकडे बर्न्स गावाला वर्षाचा पाऊस तीनशेच्याही आत, आणि हिवाळ्यात बर्फ.

आता या मुलखातून गाड्या कशा गेल्या ते ऐका, म्हणजे नकाशा कशासाठी वाचायचा ते समजेल. १८४०च्या दशकात मिझुरीकडून निघून पश्चिमेला ओरेगॉनकडे जाणारी सुमारे दोन हजार मैलांची गाडीवाट होती, ओरेगॉन ट्रेल. ऑगस्ट १८४५मध्ये स्टीफन मीक नावाच्या वाटाड्याने सुमारे दोनशे गाड्या आणि हजारएक माणसं मुख्य वाट सोडून जवळच्या वाटेने न्यायचं ठरवलं. आजच्या व्हेल गावाजवळ त्यांनी वाट सोडली आणि मलह्यूर नदीच्या काठाने पश्चिमेला वळले. मलह्यूर हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ दुर्दैव. फ्रेंच बोलणाऱ्या फासेपारध्यांनी पुरून ठेवलेली कातडी चोरीला गेली म्हणून नदीला ते नाव आधीच पडलेलं होतं. अणकुचीदार दगडांनी बैलांचे खूर फाटले. पुढे तळी लागली ती खारी. त्याच्या पश्चिमेला, वॅगनटायरच्या बाजूला, पाणीच सापडेना. घोडेस्वार चहूकडे पाणी शोधत फिरत होते आणि शेकडो माणसं गाड्यांपाशी थांबून होती. शेवटी सगळे उत्तरेला वळले, क्रुकेड आणि डेशूट्स या नद्यांच्या बाजूने कोलंबिया नदीवरच्या द डॅल्स या ठाण्यावर पोहोचले. वाटेत आणि पोहोचल्यावर बरीच माणसं आजाराने गेली.

हे वाचून झाल्यावर मी दोन शीटा कडेला कडा जुळवून लावल्या आणि ओला दोरा दुबार तुटक रेषेवर वळणावळणाने बसवला. वाकडा रस्ता कागदावर मोजायची ही आमची जुनी रीत. एका झऱ्यापासून निघालो. झऱ्याची खूण म्हणजे बारीक निळं वर्तुळ आणि त्याला वळवळती शेपटी. पुढचं निळं वर्तुळ येईपर्यंत दोरा ३९ सेंटीमीटर भरला. १:६२,५००च्या हिशोबाने पंधरा मैल, साडेसात कोस. भरल्या गाडीची एक दिवसाची चाल तेवढीच. मध्ये निळ्या रंगाचा एक ठिपका नाही. जे ओढे दाखवलेत तेही तुटक निळ्या रेषेचे, म्हणजे पाऊस पडला तर वाहणारे. मी तो दोरा बराच वेळ उचलला नाही.

शीटा बघायला आमचे सुतार आबा आले होते. वय ऐंशीच्या पुढे, पाटोद्याच्या पंचक्रोशीत निम्म्या गाड्यांची चाकं त्यांच्या हातची. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही, पण नकाशा बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उन्हाळ्यात चाकं कुठं भिजवायचे हे लोक?"

मी म्हटलं, "आबा, तोच तर घोर होता."

लाकूड वाळलं की आक्रसतं. आरे पुठ्ठ्यात, म्हणजे चाकाच्या घेऱ्याच्या लाकडी तुकड्यांत, सैल होतात, पुठ्ठे धावेपासून सुटतात आणि धाव निसटते. म्हणून रात्री चाक नदीत नाहीतर डोहात घालून ठेवायचं, लाकूड फुगतं आणि सगळं घट्ट होतं. ओरेगॉनच्या वाटेवरचे लोक हेच करत, आणि पाणी नसेल तिथे धाव आणि लाकूड यांच्यामध्ये पाचरी ठोकत. १९७२च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. मांजरा आमच्याच तालुक्यात उगम पावते, पण त्या वर्षी तिच्यात चाक बुडेल एवढंही पाणी नव्हतं. आजोबांनी ओलं पोतं चाकाला गुंडाळलं होतं. पिण्याच्या पाण्यातलं दोन तांबे पाणी त्यावर टाकलं म्हणून आजी त्यांच्याशी दिवसभर बोलली नव्हती. तरी बाजाराच्या वाटेवर, माळावर, डाव्या चाकाची धाव सुटलीच. लोखंडी कडं गाडीच्या पुढे घरंगळत गेलं आणि ओघळीत जाऊन आडवं झालं. मला तो आवाज अजून आठवतो. आजोबांनी बाभळीच्या पाचरी मारून गाडी कशीबशी घरी आणली. तर वॅगनटायर डोंगरावरची ती धाव कोणाची होती हे मला ठाऊक नाही, पण ती कशी सुटली असेल हे आबांना आणि मला कोणी सांगायला नको.

आबांनी पुतण्याला व्हिडिओ कॉलवर बरंच विचारलं. त्यांची गाडी चार चाकांची आणि पुढची चाकं लहान का? तर वळताना ती साट्याखाली फिरावीत म्हणून. बैल किती? चार, सहा, जशी ओढ असेल तसे. आणि हाकणारा बसतो कुठे? बसत नाही, बैलांच्या डाव्या अंगाने पायी चालतो. वेसण नाही, कासरा नाही, तोंडाने हाक: जी म्हटलं की उजवीकडे, हॉ म्हटलं की डावीकडे. यावर आबा गप्प झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "दोन हजार मैल पायी. बैलासंगं."

या सेवेतल्या उणिवाही सांगतो, कारण माझ्या एका चुकीने पुतण्याला फिरवलं. यादीत शीटपुढे एक वर्ष दिसतं. ते मी पाहणीचं वर्ष समजलो आणि त्याला सांगितलं की अमुक साली ही गाडीवाट चालू होती, जा आणि बघ. तो अर्धा दिवस हिंडला, तिथे तारेचं कुंपण. नंतर शीटचा खालचा समास नीट वाचला तर पाहणी आधीची, छपाई नंतरची, आणि वर्षं वेगवेगळी दिलेली होती. एकाच शीटच्या वेगवेगळ्या साली छापलेल्या प्रती वेगळ्या नोंदवलेल्या असतात. समास वाचल्याशिवाय वर्ष बोलू नये, हे मी नोकरीत नव्या पोरांना शिकवायचो. सेवेच्या यादीत पाहणीचं वर्ष ठळक दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं, मोठ्या प्रमाणाच्या, म्हणजे बारीक तपशिलाच्या शीटा त्या निर्मनुष्य भागाच्या फार उशिरा झाल्या. कित्येक ठिकाणी विसाव्या शतकाच्या मध्याचीच शीट हाती येते, नाहीतर १:२,५०,०००ची बर्न्स किंवा एडेलची शीट घेऊन समाधान मानावं लागतं. मुलूख डोळ्यांखाली घालायला ती छान आहे, पण झरा शोधायला नाही. शिवाय १८४५ला गाड्या गेल्या तेव्हा या खात्याचा जन्मही नव्हता. म्हणून शीटवर जुन्या वाटेचं नाव छापलं असलं तरी ती जागच्या जागी बघितलेली चाकोरी आहे की ऐकीव माहितीवरून ओढलेली रेषा, हे नुसत्या शीटवरून ठरवू नये.

त्यावर माझा उपाय म्हणजे त्यांच्या जमीन खात्याच्या मोजणीची कागदपत्रं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले मोजणीचे नकाशे आणि फील्डबुकं आहेत, तीही फुकट. तिकडे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौकोन पाडतात, त्याचे एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा. मोजणीदार हद्दीच्या रेषेवरून साखळी ओढत चालला की वाटेत ओढा, झरा, गाडीरस्ता कितव्या साखळीला लागला ते लिहीत जातो. किती सरळ काम! एका फील्डबुकात गाडीरस्ता लागल्याची नोंद वाचली, तेवढ्या साखळ्या टोपोव्ह्यूच्या शीटवर मोजल्या आणि दुबार तुटक रेषा तिथून अगदी थोड्या अंतरावर सापडली. साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने दोन अनोळखी मोजणीदारांनी एकाच वाटेवर बोट ठेवलेलं होतं. त्या दिवशी जेवण लांबलं, पण समाधान फार झालं.

जीपीएस घेऊन प्रत्यक्ष जाणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. जुन्या शीटांचे अक्षांश-रेखांश १९२७च्या आधारपातळीवरचे (मोजणीचा मूळ संदर्भ, इंग्रजीत डेटम) आहेत. ते तसेच जीपीएसमध्ये भरले तर त्या भागात ऐंशी ते शंभर मीटरने चुकतं. आपल्याकडे एव्हरेस्ट ही जुनी आधारपातळी आणि डब्ल्यूजीएस ८४ ही जीपीएसची, यांचा घोळ ज्यांनी निस्तरला आहे त्यांना हे लगेच कळेल. आणि होकायंत्र. बीडमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळपास नाही, म्हणून आपण त्याकडे बघतच नाही. तिकडे जुन्या शीटांच्या समासात तो वीस अंशांच्या आसपास दिलेला असतो आणि आता उतरून तेरा-चौदावर आलाय. समासातला जुना आकडा धरून चाललात तर भलत्याच दरीत उतराल.

एक गोष्ट मात्र कितीही जुनी शीट काढली तरी सापडली नाही. हा मुलूख उत्तर पायूट लोकांचा. गाड्या येण्याआधी झऱ्यापासून झऱ्यापर्यंत त्यांच्याच वाटा होत्या. १८७२मध्ये त्यांना मलह्यूरची राखीव जमीन दिली आणि १८७८च्या बॅनॉक युद्धानंतर ती काढूनही घेतली. शीटांवर एकेरी तुटक रेषा खूप आहेत, पण ती पायवाट कोणाच्या पायांनी पडली ते कुठेच लिहिलेलं नाही. आपल्या गावनकाशांवरही लमाणांच्या तांड्यांचं असंच झालं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून त्यांनी दख्खनभर वाटा पाडल्या, आणि नकाशात नुसता गाडीमार्ग उरला. मला हे लागतं. पुतण्याला सांगितलंय, बर्न्सला गेलास तर तिथल्या पायूट लोकांकडे या वाटांची नावं विचार.

ही सेवा कोणी घ्यावी? भूगोलाच्या शिक्षकांनी नक्की. कंटूर शिकवायला यापेक्षा स्वच्छ शीटा फुकटात मिळणार नाहीत, आणि बेसॉल्टचा मुलूख असल्यामुळे पोरांना खिडकीबाहेरचा डोंगर दाखवत शिकवता येईल. मोजणीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनीही घ्यावी. प्रमाण, खुणा, समास, जुळवणी, सगळा सराव होतो. आपल्या भागाची शीट हवी असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,०००चे नकाशे आता घरबसल्या उतरवता येतात. बीड ४७ एनमध्ये येतं, छत्रपती संभाजीनगर ४७ एममध्ये. तेही छापून शेजारी लावा. मी लावलेत.

आणि ज्यांची पाणंद अडवली गेली आहे त्या शेतकऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी गावनकाशाची जुनी प्रत काढा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३चा अर्ज नवीन रस्त्यासाठी असतो. तुमची वाट आधीपासून नकाशावर असेल तर ती नवी मागायची नाही, अडवलेली मोकळी करून मागायची, आणि त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. माझ्या नोकरीत मी असे शेतकरी पाहिले की ज्यांच्या हक्काची दुबार तुटक रेषा कपाटातल्या कागदावर होती आणि ते शेजाऱ्याच्या पाया पडत होते.

पुतण्या पुढच्या महिन्यात बेकर सिटीजवळच्या फ्लॅगस्टाफ टेकडीवर जाणार आहे. तिथे ओरेगॉन ट्रेलचं माहिती केंद्र आहे आणि खाली माळावर गाड्यांच्या खऱ्या चाकोऱ्या अजून दिसतात. मी त्याला त्या भागाची शीट पाठवली आहे, मैलाच्या पट्टीचं माप फोनवर सांगून. आबांनीही एक काम सांगितलंय. तिथे जुनी गाडी ठेवलेली असेलच, तर मागच्या चाकाच्या धावेची रुंदी आणि जाडी मोजून आणायची, इंचात नको, सुतात. आणि धावेचा सांधा कसा मारलाय त्याचा फोटो जवळून काढायचा.